गायधनींकडची शिकवणी

३ ऑगस्ट २००२

भूमिका मिळाली. दुपारी कार्यालयात फोन आला. साहेबांच्या टेबलावरचा फोन, त्यामुळे "हो, हो, चालेल" एवढंच बोलता आलं. साहेबांना वाटलं, घरी कुणी आजारी आहे.

एकेचाळिसाव्या वर्षी पहिला चित्रपट. सतरा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम करतो आहे, दोनदा प्रमाणपत्र मिळालं. बाकीचा सगळा वेळ जिल्हा परिषदेत आवक-जावक. ही वही आजपासून फक्त या कामासाठी.

कथा थोडक्यात अशी. एक प्राध्यापक आहे. अपघातात त्याची मान मोडते, मानेखालचं सगळं शरीर लुळं पडतं. दहा वर्षं तो अंथरुणावर काढतो, मग बायकोकडे सुटका मागतो आणि शेवटी मरतो. म्हणजे चित्रपटभर मी आडवा. हातवारे नाहीत, चालण्याची ढब नाही. चेहरा आणि आवाज, बस्स. दिग्दर्शक अमित मुंबईचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "सर, असा माणूस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय करू नका." नाशिक रोडला एक जण आहेत. पत्ता त्यानेच मिळवला.

१० ऑगस्ट

जेल रोडला जाऊन आलो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणून ठेवलाय, स्कूटर दोनदा ढकलावी लागली.

रंगनाथ गायधनी, वय चव्वेचाळीस. वायरमन होते. १९९५च्या मे महिन्यात लग्नाच्या मांडवाला दिव्यांच्या माळा लावताना शिडीवरून पडले. आता खांदे उचलता येतात, कोपर थोडं वाकतं, बोटं हलत नाहीत. छातीच्या खाली काही जाणवत नाही. लघवीला कायमची नळी, तिची पिशवी पलंगाच्या कडेला अडकवलेली. पलंग बाहेरच्याच खोलीत, खिडकीशी.

उदास माणूस असेल, असं धरून गेलो होतो. ते रेडिओवर बातम्या ऐकत होते आणि प्रत्येक बातमीवर वाद घालत होते.

मानधनाचा विषय मी काढला. ते म्हणाले, "ते राहू द्या. माझी अट वेगळी आहे. शनिवार-रविवार यायचं, बरोबर दोनला. आणि पाचच्या आत उठायचं नाही."

"तीन तास? तुम्हाला त्रास नाही होणार?"

"मी कुठं जाणार आहे, दिनेशराव?"

त्यांच्या पत्नी मीनावहिनी घरीच फॉल-पिको करतात, ब्लाउज शिवतात. त्यांनी चहा दिला, "काही लागलं तर हे सांगतील" म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. पाचला मी निघालो तरी बाहेर आल्या नाहीत. माझं येणं त्यांना पसंत नसावं. नवऱ्याच्या दुखण्याचा अभ्यास करायला कुणी परका माणूस येतो, हे कोणत्या बाईला आवडेल? समजू शकतो.

११ ऑगस्ट

आजही वहिनी आत. दार लोटलेलं. शिवणयंत्राचा आवाजसुद्धा नाही.

२४ ऑगस्ट

आज त्यांच्यासमोर पहिल्यांदा करून दाखवलं. चटईवर आडवा झालो, अंग सैल सोडलं, छताकडे नजर लावली. दोन मिनिटं तसाच पडून राहिलो. मला वाटलं, छान जमलंय.

"हे प्रेत झालं," ते म्हणाले. "मी मेलो कुठंय? मानेवर सगळं चालू आहे, आणि दुप्पट चालू आहे. कपाळावर माशी बसली तर तुम्ही काय करता?"

"हाकलतो."

"मी काय करतो?"

त्यांनी खालचा ओठ पुढे काढून वर फुंकर मारली, भुवया दोनदा उडवल्या, मान झटकली. माशी नव्हती, तरी दिसली. अर्धा तास मी फक्त तेवढंच केलं. नाटकात पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी मला हे सांगायला हवं होतं.

आणखी काही गोष्टी टिपल्या. खोकला पूर्ण येत नाही, पोटात जोर नसतो. दुसऱ्याने बरगड्यांखाली दोन्ही तळवे ठेवून, ते खोकतील त्याच क्षणी वर दाबायचं. त्यांनी मला दाबायला लावलं. पहिल्यांदा मी घाबरून अर्धवट दाबलं. "गोंजारू नका," ते म्हणाले. घाम फक्त चेहऱ्याला आणि मानेला येतो. बोलताना वाक्य मध्येच तुटतं, पण ते भावनेनं नाही, श्वास संपतो म्हणून. ही बारीक गोष्ट फार कामाची आहे.

शिवाय रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी सडते. वहिनी गजर लावतात. अकरा, एक, तीन, पाच. सात वर्षं हेच चालू आहे. पटकथेत ही गोष्ट नाही. पडद्यावर कंटाळवाणी होईल.

८ सप्टेंबर

पटकथेचा शेवट त्यांना वाचून दाखवला. प्राध्यापकाचं मोठं स्वगत आहे, "मला या देहातून मोकळं कर" वगैरे. मी मन लावून वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले.

मी धीर करून विचारलं, "तुम्हाला कधी असं वाटलं?"

"पहिली दोन वर्षं रोज. मीनाला सांगायचो. एकदा तर शिव्या दिल्या तिला, की तू स्वार्थी आहेस, म्हणून मला ठेवलंयस. ती भाजी निवडत होती. म्हणाली, आधी सांगा मेथी करू का गवार."

"मग?"

"गवार म्हटलं. मेथी आदल्या दिवशी झाली होती."

मी वाट पाहिली, पण पुढे काही नव्हतं. या प्रसंगाला शेवट नाही. अमितला सांगून उपयोग होईलसं वाटत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "हा प्राध्यापक दहा वर्षं दिवसभर करतो काय?" मी म्हटलं, "विचार करतो." ते म्हणाले, "त्याला कुणीतरी रेडिओ द्या."

२८ सप्टेंबर

हे सविस्तर लिहून ठेवतो.

साडेतीन वाजता त्यांनी बोलता बोलता डोळे घट्ट मिटले. "डोकं," म्हणाले. चेहरा बघता बघता लाल झाला. कपाळावर, ओठांवर घामाचे थेंब उभे राहिले, इतके की उशी भिजली. दंडावर काटा आला होता. मानेवरची शीर उडत होती. तोंड वेडंवाकडं होऊन जबडा एका बाजूला ओढला गेला. आवाज नाही, नुसता श्वास.

मी खुर्चीतून उठलो आणि आतल्या दाराकडे वळलो.

"तिला उठवू नकोस," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. "तू कर. मला बसता कर. पाय खाली सोड."

मी त्यांच्या बगलेखाली हात घातले. माणूस एवढा जड असतो हे मला माहीत नव्हतं. कसंबसं उशांना टेकवून बसवलं, पाय पलंगाखाली सोडले.

"नळी बघ. नळी."

मला नळी दिसेना. चादर काढली. नळी मांडीखाली दबून मुडपली होती, पिशवीत थेंबही नव्हता. मी मांडी उचलली, नळी सरळ केली. पिशवीत धार लागली. मी बोटात नळी धरून तसाच उभा होतो. चार-पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरत गेला, श्वास खाली आला.

"मूत्राशय तुंबलं की असं होतं," ते मग म्हणाले. "रक्तदाब चढत जातो. मला खाली कळत नाही, डोक्याला कळतं. वेळेवर बघितलं नाही तर मेंदूतली नस फुटते. वीस मिनिटांत खेळ संपतो."

"अहो, मग वहिनींना बोलवायचं ना!"

"तुला जमलं की."

पाचला वहिनी बाहेर आल्या. गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटलेल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, भिजलेल्या उशीकडे पाहिलं. म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही. दिनेशने पाणी सांडलं," रंगनाथराव म्हणाले.

त्यांनी खोटं का सांगितलं ते कळलं नाही. बहुधा नवरा-बायकोत काही धुसफूस असावी.

२९ सप्टेंबर

कालचं एक लिहायचं राहिलं. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. त्यांनी डोळे मिटल्यापासून मी खुर्चीतून उठेपर्यंत काही वेळ गेला. किती ते सांगता येणार नाही. त्या वेळात मी जबडा बघत होतो. कोणत्या बाजूला ओढला जातोय, डोळे आधी मिटले की ओठ आधी आवळले, ते. माझाही जबडा तसा झाला होता, हे नंतर लक्षात आलं.

१९ ऑक्टोबर

अमित मुंबईहून आला होता. त्याला तो प्रसंग सांगितला, मग करून दाखवला. तो खुर्चीच्या टोकाला येऊन बसला. "सर, हाच आपला शेवट," तो म्हणाला. स्वगत अर्ध्यावर असताना झटका येणार, बायको हात धरून बसणार, आणि तो जाणार. स्वाभाविक मृत्यू. कुणी कुणाला मारलं नाही, म्हणजे सेन्सॉरचाही प्रश्न नाही.

मला समाधान वाटलं. पटकथेत माझंही काही गेलं.

९ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ घेऊन जेल रोडला गेलो. पुढच्या महिन्यात चित्रीकरण, त्याआधी तालमी. शिकवणी संपली असं सांगितलं, मनापासून आभार मानले, शाल दिली.

"म्हणजे पुढच्या शनिवारी येणार नाहीस?" रंगनाथरावांनी विचारलं.

"आता नाही जमणार. पण येत जाईन मधूनमधून."

ते आतल्या दाराकडे बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "असू द्या हो. त्यांना त्यांची कामं आहेत." एकट्या माणसाला सोबतीची सवय होते. वाईट वाटलं, पण किती वाटणार?

१२ डिसेंबर

गंगापूर रोडच्या एका बंगल्यात चित्रीकरण. आज शेवटचा प्रसंग झाला. पलंगाला नळी आणि पिशवी लावली होती, मी मुद्दाम सांगून लावून घेतली होती. अमितने कॅमेऱ्यातून बघितलं आणि काढायला लावली. "सर, लोकांना किळस येईल. चेहरा बघणार नाहीत, पिशवी बघतील." त्याचंही बरोबर आहे.

एका टेकमध्ये झालं. 'कट' म्हटल्यावर दहा सेकंद कुणी हललं नाही, मग टाळ्या. बायकोचं काम करणारी मुलगी खरंच रडत होती. जबडा बरोबर डावीकडे गेला होता.

१५ मार्च २००३

तीन महिने वहीत काही नाही. डबिंग झालं. कार्यालयात मार्चअखेर.

गेल्या आठवड्यात गायधनींच्या शेजारी दोनदा फोन केला. निरोप देतो म्हणाले, उलट फोन आला नाही. आज दुपारी गेलो. दार वहिनींनी उघडलं. त्यांचे हातपाय बारीक झालेत. पलंगावर रंगनाथराव पालथे, डोकं दाराकडे. कमरेखाली जाडजूड पट्टी.

"ये. तोंड दाखवता येत नाही म्हणून रागावू नकोस," ते खालूनच म्हणाले.

जानेवारीत जखम झाली. माकडहाडापाशी, आत मूठ जाईल एवढी. पाच आठवडे रुग्णालयात. आणखी दोन महिने तरी पालथंच राहायचं आहे. पालथं पडून रेडिओचं बटण कोपराने लावता येत नाही.

चहा करायला वहिनी उठल्या, मी मागोमाग ओट्यापाशी गेलो. जखम कशी झाली म्हणून विचारलं.

"एके रात्री मला गजर ऐकूच आला नाही," त्या म्हणाल्या. "अकराला कूस बदलली आणि एकदम सहाला जाग आली. हे बिचारे जागेच होते. हाक मारली नाही मला. म्हणे, तू इतकी गाढ झोपली होतीस."

त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं.

"तुम्ही यायचात ना शनिवार-रविवार, तेव्हा तीन तास सलग मिळायचे. त्यांनीच तर तुमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दोन ते पाच. तेवढ्यावर आठवडा निघायचा." त्यांनी पातेल्यात साखर टाकली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल."

चहा झाला. मी पाचपर्यंत बसलो. वहिनी तेवढ्या वेळात झोपल्या नाहीत, पट्टी बदलायची वेळ झाली होती.

ऑगस्टपासूनची वही परत वाचली. दार लोटलेलं होतं, हे मी दोन ठिकाणी लिहिलं आहे.

५ एप्रिल

शनिवार. दोनला गेलो. वहिनींना म्हटलं, "कूस बदलायची कशी ते मला शिकवा." त्या नको म्हणाल्या. रंगनाथराव म्हणाले, "शिकव गं. कलाकार आहे, पाठांतर चांगलं असेल."

पट्टी असल्यामुळे पालथ्याचं कुशीवर आणि परत पालथं. एक हात खांद्याला, एक कमरेला, पलीकडचा गुडघा आधी वाकवून घ्यायचा. कातडी चादरीवर घासायची नाही. पहिल्या खेपेला त्यांचा हात अंगाखाली अडकला. त्यांना हातातही दुखणं कळत नाही, त्यामुळे मोडला तरी कळलं नसतं. आपणच बघायचं. अवघड आहे.

१४ जून

जखम भरली. आता पाठीवर झोपू शकतात. मी शनिवार-रविवार जातो. चित्रपटाशी याचा संबंध नाही. कार्यालयात विचारतात, मी "शिकवणी" म्हणतो.

१९ ऑक्टोबर

चित्रपट शुक्रवारी लागला. नाशिकमध्ये एकाच थिएटरात, दुपारचा एकच खेळ. आज रविवार म्हणून रंगनाथरावांना नेलं. आठ वर्षांत पहिल्यांदा थिएटर. सात पायऱ्या होत्या. चार जणांनी खुर्ची उचलली. मधल्या वाटेत, वहिनींच्या शेजारी त्यांची खुर्ची लावली, मी मागच्या रांगेत. अर्धं थिएटर भरलं होतं.

स्वतःला पंचवीस फुटी बघणं विचित्र वाटतं. माशीचा प्रसंग आला तेव्हा लोक हसले, रंगनाथराव सर्वांत मोठ्यांदा. मध्यंतरात दोघा-तिघांनी मला ओळखलं. एक बाई रंगनाथरावांजवळ जाऊन हात जोडून आली.

मग शेवट. स्वगत सुरू झालं. आजूबाजूला नाक ओढल्याचे आवाज. पडद्यावर माझा चेहरा लाल झाला, घाम आला, जबडा डावीकडे गेला. बायको हात धरून रडू लागली. संगीत थांबलं, नुसता श्वास.

"नळी बघा ना कुणीतरी!"

रंगनाथराव ओरडले होते. पुढच्या रांगेतून "शूऽऽ" आलं.

"अहो, नळी! तिला सांगा, रडतेय काय, बसता कर त्याला! पाय खाली सोड!"

श्वास संपला म्हणून ते थांबले. कुणीतरी हसलं, कुणीतरी चिडून मागे वळलं. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण गप्प करायला नाही, कारण त्याही पडद्याकडेच बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावर मी मेलो.

दिवे लागले. मी खुर्चीपाशी गेलो. रंगनाथराव घामाघूम झाले होते.

"तोंड अगदी बरोबर जमलंय तुझं," ते म्हणाले. "हुबेहूब. पण दिनेश, नळी सरळ केली असती तर वाचला असता रे तो."

माझ्याकडे उत्तर होतं, सेन्सॉरचं, किळस येण्याचं. ते दिलं नाही.

पायऱ्यांशी खुर्ची उचलायला माणसं गोळा होत होती, तेवढ्यात एक दणकट गडी पुढे आला. पायात चप्पल, खांद्यावर टॉवेल. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ रंगनाथरावांसमोर उकिडवा बसला.

"दादा, ती नळी म्हणला तुम्ही, ती कंची?"

त्याचं नाव कारभारी. मालेगावकडचा, टेम्पो चालवतो, कांदा घेऊन नाशकात येतो. आज गाडी खाली व्हायला वेळ होता म्हणून थिएटरात शिरला होता. त्याचा भाऊ सहादू यंत्रमागावर कामाला होता. जुलैत माळ्यावरून पडला, मान मोडली.

"त्याला असंच होतंय," कारभारी म्हणाला. "आत्ता पडद्यावर झालं तसंच. तोंड लालबुंद, घाम, डोकं फुटल्यागत करतो. आठ दिवसात दोनदा झालं. घरचे म्हणत्यात, बाहेरचं हाय. उतारा टाकला. लय भ्या वाटतं, दादा."

"नळी लावलीय का त्याला?"

"लावलीय की. दवाखान्यात लावली तशीच हाय."

"कधी बदलली?"

कारभारी बोटं मोजू लागला. जुलै ते ऑक्टोबर.

लोक आमच्या बाजूने पायऱ्या उतरत होते. रंगनाथरावांनी त्याला सगळं सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे नेऊन नळी बदलायची. तोवर झटका आला तर बसतं करायचं, पाय खाली, नळी सरळ. कारभारी शाळेतल्या मुलासारखा म्हणत होता. मग रंगनाथराव म्हणाले, "पाठीवर जखम झालीय का?"

"लहान झालीय. भोपळ्याच्या बीएवढी."

"मला तिकडं यायला लागेल," रंगनाथराव म्हणाले. हे त्यांनी कारभारीला नाही, माझ्याकडे बघून सांगितलं.

२ नोव्हेंबर

सकाळी कारभारी टेम्पो घेऊन आला. मागे गाद्या टाकल्या, खुर्ची दोरीने बांधली, मी शेजारी बसलो. वहिनी येवल्याला बहिणीकडे गेल्या, दोन दिवसांसाठी. त्यांची कपड्यांची पिशवी कालच भरून ठेवलेली होती. बसस्टँडवर त्यांनी मला नळीच्या, औषधांच्या, वेळांच्या सूचना दिल्या, मग म्हणाल्या, "तुम्हाला येतं सगळं," आणि बसमध्ये चढल्या. मागे वळून पाहिलं नाही.

महामार्गावर दर अर्ध्या तासाने टेम्पो थांबवून त्यांना पुढे-मागे कलतं करत होतो. चांदवडच्या चढाला ते म्हणाले, "आठ वर्षांत इतका वारा नाही खाल्ला."

मालेगावात एका अरुंद गल्लीत घर. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड, भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरते. एक खोली. लोखंडी पलंगावर सहादू, वय तीस-बत्तीस. तोंड भिंतीकडे. आम्ही आत आलो तरी वळला नाही. त्याची बायको लंकाबाई पदर घट्ट आवळून कोपऱ्यात उभी.

"नळी बदलेल शे," ती म्हणाली. "मंग तसं नही झायं परत."

"झालं नाही ना? बास," रंगनाथराव म्हणाले. "आता कूस बदलायची. दर दोन तासांनी. करता का?"

"ते हात लावू देत नहीत. म्हणतस, मरू दे माले."

रंगनाथराव त्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काही समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "दिनेश, शर्ट काढ. खाली झोप."

मी फरशीवर पोतं अंथरलं आणि आडवा झालो. त्यांनी लंकाबाईला समजावून सांगितलं. ती पुढे येईना. परका माणूस, उघडा.

"हा सिनेमातला माणूस आहे," रंगनाथराव म्हणाले. "याचं कामच आहे हे. याला हात-पाय नाहीत असं समजा. गुडघा वाकवा, खांदा धरा, कंबर धरा, ओढा स्वतःकडे."

तिने पदर खोचला. मी अंग सोडलं. तिने खांदा धरून खेचला, कमरेचा भाग मागेच राहिला, माझा गाल फरशीवर आपटला. मी भुवईही हलवली नाही. "परत," रंगनाथराव म्हणाले. दुसऱ्यांदा माझा हात अंगाखाली गेला. तिसऱ्यांदा तिला एकटीला पेलेना, मी मध्येच थांबलो आणि मागे पडलो. तिने मला मदत कर अशा नजरेने पाहिलं. मी छताकडे बघत राहिलो. मदत केली असती तर तिला चुकीचं वजन कळलं असतं.

चौथ्यांदाही हात अडकला. तिला घाम आला होता. कारभारी दारातून म्हणाला, "वहिनी, मी करू का?" ती नाही म्हणाली.

पाचव्या खेपेला तिने खांद्याला हात घातला आणि पलंगावरून आवाज आला. कोरडा, श्वास तुटलेला.

"गुडघा... आधी गुडघा."

सहादूने मान वळवली होती. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे माझ्या गुडघ्याकडे.

तिने माझा गुडघा वाकवला. मग खांदा, मग कंबर. मी एका झटक्यात कुशीवर आलो, न घासता, मान सरळ.

"हां," सहादू म्हणाला. मग श्वास घेऊन, बायकोकडे बघून, "आते माले."

लंकाबाई उठली. मला ऊठ असं कुणी म्हटलं नाही. खोली अरुंद होती, पलंगाच्या त्या बाजूला उभं राहायला तिला माझीच जागा लागणार होती. मी पोतं गोळा केलं आणि भिंतीला लागून उभा राहिलो.